शेजारची चटई

माझी मावशी मत्सरी होती. हे मी तिच्या पाठीमागे बोलत नाही, ती स्वतःच सांगायची, "मला मेलीला कुणाचं चांगलं बघवत नाही, काय करू?" चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. काचेवर केसाएवढा ओरखडा असला तरी तिला दिसायचा. माणसांमधली खोट तर न शोधताही दिसायची.

रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी तिला रोज थोडा वेळ शांत बसायला सांगितलं, आणि ही बया थेट बुद्धापर्यंत पोचली. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त बाई पाली भाषा शिकवायच्या. आधी जुन्या सुत्तांचं, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांचं वाचन, मग ध्यान. मावशीनं तिथं कित्येक वर्षं घालवली. सुत्तं तोंडपाठ केली, शब्द फोडून अर्थ सांगू लागली. समाधीच्या पहिल्या पायरीवर मनात काय उरतं, दुसरीवर काय गळून पडतं, हे तिला झोपेतून उठवून विचारावं. फक्त ती पहिली पायरी तिला स्वतःला कधी लागली नव्हती. डोळे मिटले की जावेचं नवं घर दिसायचं. तिला एवढंच हवं होतं, की एकदा तरी मन असं टेकावं की ध्यान संपल्याची घंटा वाजलेली कळू नये.

मग तिनंच पायावर धोंडा मारून घेतला. गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून जिन्यावर सोबत हवी असं म्हणून ती धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, घेऊन गेली. आई पाळणाघर चालवायची. पालीचं तिला ओ की ठो कळत नव्हतं. वाचन चालू असताना ती जांभया देत होती. ध्यानाच्या वेळी बाई म्हणाल्या, "श्वासाकडे लक्ष असू द्या. लांब असेल तर लांब आहे एवढं कळू दे, आखूड असेल तर आखूड. बाकी काही करू नका." आई मावशीच्या शेजारच्या चटईवर बसली, ती बसलीच. घंटा झाली, लोक चटया गुंडाळायला लागले, तरी तिची पापणी हलली नाही. बाईंनी सगळ्यांना गप्प राहायची खूण केली.

मावशीचा तिळपापड झाला. त्यात हे दर आठवड्याला होऊ लागलं. पुढं बाईंनी मुदिता शिकवली: ज्याचं सुख डोळ्यांसमोर आहे असं माणूस निवडायचं आणि त्याच्या सुखात मनापासून आनंद मानायचा. निवडायला हाताच्या अंतरावर आई बसली होती. मावशीनं शेजाऱ्यांचं तान्हं बाळ निवडलं. "तान्ह्या पोराचा हेवा कसा करणार?" ती मला म्हणाली. "म्हणून निभावलं."

शेवटी एका दुपारी ती आमच्याकडे आली. पाळणाघरातली मुलं झोपली होती, आई दुधाच्या बाटल्या उकळत होती.

"खरं सांग," मावशी म्हणाली, "तुला आत काय दिसतं? उजेड दिसतो?"

"उजेड कुठला? मी तुझा श्वास ऐकते."

"माझा?"

"माझा मला सापडतच नाही गं, ताई. तुझा ऐकू येतो. लहानपणी आपण एका अंथरुणात झोपायचो ना? तुझा श्वास चालू असला की मला भीती वाटायची नाही. तसंच वाटतं."

दुसरी एखादी बहीण विरघळली असती. आमची मावशी पेटली.

"अगं, श्वास आपला स्वतःचा बघायचा असतो! दळण मी दळायचं आणि आयत्या पिठावर तू रेघोट्या ओढायच्या?"

"हळू बोल, मुलं उठतील," आई म्हणाली. "आणि त्यात तुझं काय कमी होतं?"

पुढच्या वेळी मावशीनं आपली चटई पार पलीकडच्या भिंतीशी टाकली आणि डोळे किलकिले करून बघत बसली. आई चुळबुळत होती. तिनं मांडी बदलली, गुडघा चोळला, डोळे उघडले. पाळणाघरात पहिल्या दिवशी सोडलेलं मूल दाराकडे बघतं, तशी ती मावशीला शोधत होती. दिसल्यावर कसनुशी हसली आणि शहाण्या मुलीसारखे डोळे मिटून घेतले. लगेच पुन्हा उघडले.

"इतका आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता," मावशीनं मला सांगितलं. "पण मेला टिकला नाही."

तिनं चटई उचलली. सगळ्या ध्यानस्थ मंडळींमधून, कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनी, बाईंच्या वटारलेल्या डोळ्यांसमोरून ती खोली ओलांडून आली आणि आईशेजारी बसली. श्वास घेऊ लागली, ऐकू जाईल असा, पण घोरल्यासारखा नाही. मध्ये अडखळू नये म्हणून एकेक सांभाळून. हळूहळू आईचे हात मांडीवर स्थिरावले.

घंटा झाली. आई हलली नाही. पालीच्या बाई वाकून मावशीच्या कानाशी कुजबुजल्या, "एकाग्रता म्हणतात ती ही. शिका जरा धाकटीकडून!"

"अशी जळले," मावशी म्हणाली, "अशी जळले म्हणून सांगू!"

"मग सांगून टाकायचं ना बाईंना, तो श्वास कुणाचा होता ते."

"कसं सांगणार?" मावशी माझ्यावरच खेकसली. "बोलले असते तर श्वास तुटला असता."