आधी पट्टा उतरवा

माझे धाकटे दीर जन्मभर टर्नर होते, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड कातायचे. कारखान्यात त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे, सगळे ‘पट्टा’ म्हणत. हाताखाली नवा माणूस आला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: “आधी पट्टा उतरवा, मग बटण दाबा.” मोटर नव्याने जोडली की ती सुलट फिरेल की उलट, हे आधी सांगता येत नाही. म्हणून मोटर आणि मशीन यांच्यामधला पट्टा काढायचा आणि मोटर एकटीच फिरवून बघायची. हे त्यांनी घरातही इतक्या वेळा ऐकवलं होतं की माझी जाऊ नवा मिक्सर लावतानाही म्हणायची, “पट्टा उतरवला हो!”

कारखाना बंद पडला तेव्हा ज्या लेथवर भाऊजी काम शिकले होते, तो भंगारात निघाला. त्यांनी तो घरी आणून परसातल्या पत्र्याच्या खोलीत ठेवला. त्याचा अवतार बघून जाऊ म्हणाली, “एक गंजलेलं सांभाळतेच आहे, त्यात हे दुसरं.”

मग भाऊजी त्या खोलीतच राहायला गेल्यासारखे झाले. रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या, बिस्किटांच्या डब्यांत वेगवेगळे ठेवलेले स्क्रू, गंज घासून घासून गुळगुळीत झालेली बोटं. ज्या लांब लोखंडी पाटावरून मशीनचे भाग सरकतात, त्याला ते बेड म्हणतात. तो त्यांनी असा चकचकीत केला की मी त्यात चष्मा नीट करून घेतला. दुपारी चहाला वरच्या मजल्यावर आमच्याकडे आले की जिन्यातूनच ओरडायचे, “वहिनी, दार तुम्ही उघडा, माझे हात काळे आहेत.”

शेवटी राहिलं विजेचं काम. घरात एकच फेज येते, त्या जुन्या मोटरला तीन लागतात. एकाच्या तीन करून देणारा एक डबा मिळतो, तो बसवायला भाऊजींनी टेस्टरला बोलावलं. टेस्टर म्हणजे आमच्या गल्लीतला वायरमन. शर्टाच्या खिशात टेस्टर खोचल्याशिवाय तो घराबाहेर पडत नाही, म्हणून हे नाव.

शनिवारी संध्याकाळी त्याचं जवळजवळ सगळं झालं. त्याला सासूला दवाखान्यातून घरी आणायचं होतं, म्हणून तो घाईत निघाला. मी परसात दोरीवरचे कपडे काढत होते.

“काका, तारा जोडल्यात, पण मोटर कुठल्या बाजूला फिरते ते बघायचं राहिलंय. सकाळी येतो. तोवर बटणाला हात लावायचा नाही.”

“अरे, तू मला शिकवतोस?”

“तुमचंच तुम्हाला सांगतोय. आधी पट्टा उतरवा.”

दोघंही हसले.

रविवारी भाऊजींचे कारखान्यातले जुने सोबती मशीन बघायला आले. त्यांत एक होते ‘मालक’. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं, तेव्हापासून सगळे त्यांना तसंच म्हणतात. ते नवी शेड बांधत होते आणि तिचं सगळं वायरिंग टेस्टरला द्यायचं ठरलं होतं, तेही भाऊजींच्या शब्दावर.

मंडळी लवकर आली. टेस्टर यायचा होता.

“काय रे पट्ट्या, फिरतं का हे? की नुसतं पुसून ठेवलंयस?” मालक म्हणाले.

“नवरी नटवून बसवलीय. पण उठेल का?” दुसऱ्याने भर घातली.

मी हसत चहा आणायला वर गेले. ट्रे घेऊन निघते तोच खालून आवाज आला, माळ्यावरून पाटा पडावा तसा. तशीच खाली धावले.

भाऊजींनी पट्टा न उतरवताच बटण दाबलं होतं. मोटर उलटी फिरली. कातायचा तुकडा पकडून ठेवणारा जो जड चक असतो, तो आट्यांवर बसवलेला असतो. मशीन सुलट फिरलं तर तो आवळत जातो, उलट फिरलं तर सुटतो. भाऊजींनी सकाळीच आट्यांना तेल देऊन तो नुसता हाताने बसवला होता. तो सुटून बेडवर आदळला, त्याने एक हॅन्डल मोडलं आणि तो घरंगळत मालकांच्या पायाजवळ येऊन थांबला. कुणाला लागलं नव्हतं. बेडवर मात्र बोटभर लांब खोक पडली होती.

सगळे वाकून ती खोक बघू लागले. मग भाऊजी म्हणाले, “टेस्टरने तारा उलट्या जोडल्या.”

वाक्य तसं खोटं नव्हतं. तारा उलट्याच होत्या. तेच तर बघायचं त्याने सकाळवर ठेवलं होतं.

तेवढ्यात टेस्टर पिशवी घेऊन दारात आला. मालक त्याच्यावर कडाडले, “काय हो, काय जोडून ठेवलंत हे? पाय गेला असता माझा!”

टेस्टरने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी मोडलेलं हॅन्डल शोधायला मशीनखाली वाकले. ते हॅन्डल त्यांच्या चपलेजवळच पडलं होतं, मला दारातून दिसत होतं. तरी ते वाकलेलेच राहिले.

टेस्टरने दोन तारांची अदलाबदल केली, पट्टा उतरवून मोटर फिरवून बघितली आणि निघाला. चहालाही थांबला नाही. फाटकाशी मालक त्याला म्हणाले, “शेडचं जरा राहू द्या. कळवतो.”

त्या दिवसापासून भाऊजींनी लेथवर जुनी चादर टाकली. सकाळी दूध आणायला ते लांबच्या रस्त्याने जाऊ लागले, कारण जवळच्या रस्त्यावर टेस्टरचं दुकान आहे. जाऊ म्हणायची, “दूध नासेपर्यंत कुठे भटकत असता?” आणि ताट वाढता वाढता, “मेला तो टेस्टर, माणसाच्या जिवावर उठला होता!” भाऊजी ताटात बघून जेवत. जिन्यातला दिवा गेला तेव्हा तिने दुसराच वायरमन बोलावला.

मी वाट बघितली. शेवटी एका दुपारी चहा पुढे ठेवून मीच म्हणाले, “भाऊजी, त्या शनिवारी मी परसात कपडे काढत होते.”

त्यांनी कप खाली ठेवला. “ऐकलंत?”

“ऐकलं.”

“मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोलाल असं वाटलं.”

ते बोटाच्या नखातला न निघणारा काळेपणा खरवडू लागले. “लोक हसले असते, वहिनी. एवढंच झालं असतं. ज्याने सगळ्यांना पट्टा पट्टा करून पिडलं, तोच विसरला म्हणून हसले असते.” मग उठले. “चला माझ्याबरोबर. एकटा गेलो तर वाटेतून परत येईन.”

मालकांच्या वर्कशॉपमध्ये सगळी मशीनं सुरू होती. भाऊजी त्यांच्या कानाशी जाऊन बोलू लागले.

“काय?” मालक ओरडले.

“चूक टेस्टरची नव्हती!”

“ऐकू येत नाही रे!” म्हणून मालकांनी कामगारांना हाताने खूण केली. एकेक मशीन थांबत गेलं. भाऊजींच्या ते लक्षातच आलं नाही. ते डोळे मिटून, शिरा ताणून ओरडत होते, “त्याने बजावलं होतं! मीच पट्टा न उतरवता बटण दाबलं!”

शेवटचं वाक्य शांततेत पडलं. कामगारांत दोघं त्यांच्याच हाताखाली शिकलेले होते. एकजण उगाचच चिंधीला हात पुसू लागला.

“तू, पट्ट्या? तू?” मालक म्हणाले.

“मी. आणि नाव त्याचं घेतलं.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मालक एवढंच म्हणाले, “शेडचं काम दुसऱ्याला दिलं रे. निम्मं झालंही.”

तिथून आम्ही टेस्टरच्या दुकानात गेलो. तो पंख्याच्या मोटरला तार गुंडाळत होता. “या काका. काकू, तुम्ही स्टुलावर बसा.” भाऊजींनी उभ्यानेच सगळं सांगितलं, शेडचंही.

“ते कळलं मला,” तो हातातलं काम न थांबवता म्हणाला. “घरी सांगून बसलो होतो, मोठं काम आहे म्हणून.”

“त्या दिवशी चारचौघांत का नाही बोललास? बोलायचंस ना!”

“बोलणारच होतो. पण तुम्ही एकदम खाली वाकलात. मला वाटलं, तुम्हाला लागलंय. म्हटलं, आता कुठे वाद घाला.”

भाऊजींनी मान वर केली नाही. “नाही रे. लागलं नव्हतं.”

“मग ठीक आहे,” टेस्टर म्हणाला आणि पुढचा वेढा घेतला. ठीक नव्हतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

घरी जवळच्या रस्त्यानेच आलो. आत माझी जाऊ कुणाशी तरी फोनवर बोलत होती, तिचं हसू बाहेरपर्यंत येत होतं. तिला अजून काहीच माहीत नव्हतं. भाऊजी दाराशी थांबले. हात स्वच्छ होते, तरी मला म्हणाले, “वहिनी, दार तुम्ही उघडा.”