बाजेखालची शेगडी

वहिनीला हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या, तरी तिने डोळा उघडला नाही. घशातून घोरल्यासारखा आवाज येत होता. उशीवर ओकारी सांडली होती. पाचवी पुजून झालेली तिची पोरगी कुशीत होती, हात लावला तर अंग लोळागोळा. खोलीचं दार मी खांद्याने रेटून उघडलं होतं, कारण खालच्या फटीत आईने चिंध्या कोंबल्या होत्या. खिडकीला पोतं. बाजेखाली शेगडी, निखारे लाल. बघायला वाकले तर माझंच डोकं गरगरलं.

भावाला ओरडून बोलावलं. "गोधडीचे कोपरे धर. अशीच उचल अन् अंगणात घे."

आई दारात आडवी आली. "बाळंतीण बाहेर काढतं? वारं लागन तिले! थंडी पाह्य किती हाये!"

"लागू दे वारं. दार सोड."

मी त्या सकाळीच गाडीने सिंदीला उतरून घरी आले होते. वर्ध्याच्या एका दवाखान्यात मोठ्या नर्सबाईंच्या हाताखाली शिकत होते. माझं शाळेचं शिक्षण चौथीपर्यंत. परीक्षा जवळ आली होती आणि वहिनीची पोरगी बघायला म्हणून सुटी घेतली होती.

बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची आणि तिला वारा लागू द्यायचा नाही, ही आमच्याकडे घरोघरची रीत. आधी शेगडीत गोवऱ्या असायच्या. धूर व्हायचा, डोळे झोंबायचे, मग बाळंतीण स्वतःच म्हणायची, दार उघडा. या खेपेला भावाने रुळाच्या कडेला इंजिनातून पडलेला अर्धवट जळका कोळसा वेचून आणला. त्याला धूर नव्हता. आईला तो फार आवडला. आदल्या संध्याकाळी वहिनी म्हणाली, डोकं ठणकतं, मळमळतं. आई म्हणाली वारं लागलं, आणि खिडकीवर पोतं ठोकलं. हे मला नंतर कळलं.

अंगणात वहिनीला कुशीवर वळवलं, बोटाला पदर गुंडाळून तोंडातली घाण काढली. नाडी लागत होती. श्वास होता. आई वाटीत सुंठीचा काढा घेऊन आली आणि तिचा जबडा धरला.

"तोंडात काही घालू नको."

"दोन घोट गेले तं हुशारी येईन तिले."

"गिळायची शुद्ध नाही तिला. काढा छातीत जाईल."

"चार दिवस वर्ध्याले काय गेली, मायले शिकवून राह्यली! तू झाली तवा कोनती नर्सबाई आलती?"

परीक्षेसाठी बाई हा प्रश्न रोज विचारायच्या. बेशुद्ध माणसाला प्यायला काय द्याल? आमच्यातल्या निम्म्या बाया सांगायच्या, साखरपाणी. बाई म्हणायच्या, तुम्ही पास झालात तर मी गाव सोडून जाते. उत्तर होतं, काही नाही. मी आईच्या हातातली वाटी घेतली आणि काढा अंगणात ओतला. आईने मला शिवी दिली.

शेजारीण कुंपणावरून बघत होती. "ओठ पाह्य कसे लाल झाले. बाहेरचं हाये हे. भगताले बोलवा."

"भगताला नको, गाडीला बैल जुंप," मी भावाला म्हटलं. तो तसाच उभा होता. "काऊन असं झालं वं?" म्हणाला. मी म्हटलं, कोळशाने, बंद खोलीत त्याची हवा विषारी होते. मग तो हलला.

पोरगी एव्हाना आईने मांडीवर घेतली होती. मी तिला घेतलं. नाकातोंडातला चिकटा पुसला, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. ती एकदा कण्हली. आई लगेच म्हणाली, "पाह्य, रडली! आता गोधडीत घे." ते रडणं नव्हतं. मी तिच्या नाकातोंडावर तोंड ठेवून गालातला वारा हळूहळू फुंकत राहिले. छाती वर यायची. मी थांबले की तीही थांबायची.

गाडीत वहिनीला कुशीवर झोपवलं, अंगावर घोंगडी टाकली, तोंड उघडं ठेवलं. आई घोंगडी तोंडावर ओढायची, मी खाली करायचे. असं रस्ताभर चाललं. पोरगी माझ्याजवळ होती, मी फुंकत होते. सडकेला लागल्यावर वहिनीने हात हलवला, मग उलटी केली आणि डोळे उघडले. तिने पहिलं विचारलं, "पोरगी कोठी?" आई म्हणाली, "हाये, वन्सबाईजवळ हाये." मी फुंकत राहिले. तोवर पोरीची छाती माझ्या फुंकण्यानेसुद्धा नीट हलत नव्हती आणि तिच्या हृदयाचे ठोके बोटाला लागत नव्हते.

सिंदीच्या डॉक्टरांनी दोघींना तपासलं. वहिनीचं डोकं पुढे बरेच दिवस दुखत राहिलं, पण ती जगली. पोरगी नाही.