देवाने चांगला ठरवलेला पंप

अनंत गेल्याची बातमी हुसेनभाईने आणली. रत्नागिरीत आमच्या दाराशी त्याची स्कूटर थांबली, आणि एरवी स्कूटरवरूनच हाक मारणारा हा माणूस त्या दिवशी उतरून पायरीवर बसला. ‘‘मास्तर, अनंत गेला... सकाळी चा पिताना.’’ मग म्हणाला, ‘‘साखर कमी हाय म्हणाला, आणि गेला.’’ शेवटचं वाक्य तक्रारीचं, आणि बहुधा खरं. अनंताला ते शोभलं.

पंधरवड्याने ट्रकमालकांनी शोकसभा भरवली. माझ्या या शाळासोबत्याला तिथे ‘वाहतूक क्षेत्रातला दीपस्तंभ’ म्हटलं गेलं. एकाने म्हटल्यावर पुढच्या तिघांनाही ते म्हणावं लागलं. दीपस्तंभ वाहतुकीच्या मधोमध उभा राहिला तर त्याला पहिली धडक ट्रकचीच बसेल, हे कोणाला सुचलं नाही. अनंताला सुचलं असतं आणि तो ते मोठ्याने बोललाही असता. म्हणून त्याला हयातीत कधी सभेला बोलावत नसत. हार घातलेल्या फोटोतही तो काहीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखा दिसत होता...

त्याची जी गोष्ट सभेत कोणी सांगितली नाही ती त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची असावी. अनंत तेव्हा मुंबईला एका कंपनीत गाडी चालवत होता. सुमनवहिनी गावाला. गणपतीला आणि शिमग्याला नवरा येणार, पाहुण्यासारखा जेवून जाणार, असा तो संसार. एका गणपतीला तो आला तो परत जायचा नाही असं ठरवूनच. साठवलेलं सगळं घालून त्याने कोल्हापूरकडचा एक जुना ट्रक घेतला आणि जांभ्याचे चिरे वाहायला सुरुवात केली. मुंबईच्या साहेबाला माणसांची पारख असावी. त्याने राजीनामा घेतला नाही, शिमग्यापर्यंत जागा राखून ठेवतो म्हणाला. वहिनींनाही पारख होती. त्यांनी नवऱ्याची पत्र्याची ट्रंक माळ्यावर टाकली नाही, माजघरातच ठेवली, भरलेलीच. अनंताने विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘‘असूं दे. परत भरायचा ताप नको.’’

ट्रकने वहिनींची बाजू घेतली. इंजिन थंड असलं की तो शहाण्या मुलासारखा चालायचा. तापलं की निवळीच्या चढणीला त्याला धाप लागायची, मग तो बंद पडायचा, आणि चांगला निवल्याशिवाय कोणाच्याही बापाला दाद द्यायचा नाही. लोक आधी हळहळले, मग सल्ले देऊ लागले. आमच्याकडे एखाद्याची गाडी बंद पडली की तिच्याभोवती जमणाऱ्यांपैकी निम्मे इंजिनातले जाणकार असतात आणि उरलेले दृष्टीतले. लिंबं बांधून झाली. त्यानंतर हुसेनभाईला बोलावलं.

हुसेनभाई तेव्हा रत्नागिरीतला नावाजलेला मेस्त्री होता आणि ते त्याला चांगलंच माहीत होतं. तो स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचा. त्या वेळी कोणी खोकलं तरी त्याला चालायचं नाही. मग तो कोर्टाने निकाल द्यावा तसं निदान सांगायचा. पहिला निकाल फिल्टरच्या विरुद्ध गेला. फिल्टर बदलला, ट्रक निवळीला बंद पडला. दुसरा निकाल डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या विरुद्ध. नोझल बदलले, ट्रक निवळीच्या थोडा अलीकडेच बंद पडला. तिसऱ्या खेपेला हुसेनभाई म्हणाला, ‘‘डिझेल पंप गेलाय.’’ तोवर त्याच्यावर कोणाचा विश्वास उरला नव्हता, त्याचा स्वतःचा सोडून.

डिझेल पंप म्हणजे त्या इंजिनाचा मुकादम. कोणत्या सिलिंडरला डिझेल कधी द्यायचं आणि किती, हे तो ठरवतो. तो रत्नागिरीत कोणी उघडत नसे. त्यासाठी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावं लागे. एवढा मोठा निर्णय अनंताने गावच्या रीतीने घ्यायचं ठरवलं. देवाला कौल लावायचा. गुरवाने देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्नं, विहिरी, भाऊबंदकी सगळं आमच्याकडे असंच मार्गी लागतं. पंपाने काय घोडं मारलं होतं? गुरवाने विचारलं, पंपात दोष असेल तर उजवा दे. डावी कळी इतक्या झटकन पडली की देव जणू प्रश्नाचीच वाट बघत होता. मानकऱ्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हटलं आणि पंप निर्दोष सुटला. देवळाबाहेर उभ्या असलेल्या हुसेनभाईचं म्हणणं असं की आधी मेस्त्रीला विचारावं, मग देवाला. अनंत म्हणाला, तुला दोनदा विचारून झालंय.

त्यानंतर काही दिवसांनी अनंत वहिनींना माहेरी पोचवायला निघाला. सुट्टी होती म्हणून मीही ट्रकात होतो. निवळीला ट्रक नेमाप्रमाणे थांबला. हुसेनभाईने जाता जाता एक उपाय सांगून ठेवला होता, की गाडी तापून बंद पडली की फक्त पंपावर ओलं फडकं टाका, बाकी कशाला हात लावू नका. त्यावर चालू झाली तर दोष पंपाचाच. डिझेल दाबणारे आतले दांडे झिजलेले असतील तर गरम, पातळ झालेलं डिझेल त्यांच्या कडेने निसटतं. गार केलं की तात्पुरतं निभावतं. वहिनींनी माहेरच्यांसाठी अळूची पानं ओल्या पंच्यात बांधून घेतली होती. त्यांनी पानं सीटवर ओतली, पंचा आणखी भिजवला आणि तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तशा घड्या घालून पंपावर ठेवला. थोडा वेळ गेला. पुन्हा भिजवला. अनंताने स्टार्टर मारला आणि ट्रक चालू झाला.

इतक्या दुःखी चेहऱ्याने गाडी चालू करणारा ड्रायव्हर मी दुसरा पाहिला नाही.

देवाने डिझेल इंजिनाचा अभ्यास केलेला नसावा, असं मी म्हणालो. एरवी अशा बोलण्यावर तो माझ्यापुढे दोन पावलं जायचा. त्या दिवशी नाही. ‘‘तुझा काय, मास्तर,’’ तो म्हणाला, ‘‘तू शहरात ऱ्हातोस. मी पंप बदलला तर गाडी चालेल. पन गावासमोर देवाला खोटा पाडून मी त्या गावात ऱ्हाऊ कसा? ऱ्हायासाठीच तर आलो ना?’’ वहिनी सीटवरची पानं एकेक करून गोळा करत होत्या. शिमगा जवळ आला होता. पंप बदलला नाही तर मुंबई, आणि बदलला तर गावात राहून परका.

या कोड्याचं उत्तर अनंतानेच काढलं. वहिनी माहेरून परतल्यावर त्याने पुन्हा कौल मागितला. मानकऱ्यांत मोठा खल झाला. तात्या मानकरी हे प्रमुख आणि कार्यपद्धतीचे फार कडक. एकदा निकाल लागलेली बाब पुन्हा देवापुढे नेता येत नाही, असं ते म्हणाले. अनंताने नम्रपणे सांगितलं की बाब जुनी आहे, पण प्रश्न नवा आहे. तात्यांनी प्रश्न ऐकून घेतला. मग त्यांनी गुरवाकडे पाहून मान हलवली. बहुधा त्यांनाही या पेचातून सुटायचं होतं.

‘‘बा देवा म्हाराजा,’’ गुरवाने सुरुवात केली, ‘‘पंप चांगला हाय, ता तू सांगितलंस, आमी मान्य केलंय.’’

‘‘होय म्हाराजा.’’

‘‘पन चांगल्या पंपाची ह्या गाडीत ऱ्हायाची इच्छा हाय काय नाय, ता आमाला समजना नाय. इच्छा नसंल तर उजवा दे.’’

‘‘होय म्हाराजा.’’

या वेळी देवाने घाई केली नाही. कळ्या पाषाणाला चिकटून बसल्या. कोणीतरी आपल्या पोराला घेऊन घरी गेलं. अनंताने जोडलेले हात सोडले नाहीत, आणि वहिनी बायकांच्या घोळक्यात मागे, खांबाला धरून उभ्या होत्या. मी श्रद्धाळू माणूस नाही. पण त्या वेळी उजवी कळी पडावी म्हणून मी मनातल्या मनात इतका जोर लावला की तिला पडण्यावाचून गत्यंतर नव्हतं... ती पडली. सगळ्यांच्या आधी ‘होय म्हाराजा’ म्हणालो तो मी. तात्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

पुढचं हुसेनभाईने सांगितलेलं; अनंताबरोबर कोल्हापूरला तोच गेला होता. कोल्हापूरचा दुकानदार जुना पंप घेऊन त्याच्या बदल्यात तयार पंप देणार होता. अनंताने जुना द्यायला नकार दिला. चांगला पंप असा टाकून कसा देणार? चांगला आहे तर बदलता कशाला, असं दुकानदाराने विचारलं. हुसेनभाईने म्हणे कपाळाला हात लावला आणि आमच्याकडचा रिवाज आहे, एवढंच सांगितलं. परत आल्यावर त्याने नवा पंप खुणेला खूण जुळवून बसवला, लाइनमधली हवा काढली, आणि स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावायला विसरला नाही. चिऱ्यांनी भरलेला ट्रक तापून लाल झाला, तरी निवळी एका दमात चढला. वर पोचल्यावर अनंताने गाडी थांबवली, बंद केली, पुन्हा चालू केली. पुन्हा बंद केली, पुन्हा चालू केली. शेवटी हुसेनभाई म्हणाला, ‘‘पुरे कर, बाबा. नाय तर आता बॅटरी जायेल.’’

त्या शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा ट्रंकेत कुळीथ भरलेले होते.

परवा वहिनींना भेटायला गावी गेलो. पडवीत, अनंताच्या आरामखुर्चीशेजारी, लाकडी चौरंगावर तो जुना पंप अजून आहे. दिवसकार्याला आलेल्या एका भाच्याचं म्हणणं होतं की ते धूड आता भंगारात द्यावं. त्याने भंगारवाल्याला बोलावलंही होतं, आणि मी होतो तेव्हाच तो आला. पंप दोन्ही हातांनी उचलून बघत त्याने वहिनींना विचारलं, खराब झालेलाच आहे ना.

वहिनी म्हणाल्या, ‘‘खराब नाय. त्येची ऱ्हायाची जागा ही हाय. खाली ठेव तो.’’

त्याने ठेवला. त्या आत जाऊन रॉकेलची बाटली आणि फडकं घेऊन आल्या. दर शनिवारी अनंत तो पंप स्वतः पुसायचा, घरात दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. त्या दिवशी शनिवार होता. वहिनींनी चौरंग पुढे ओढला, आणि कोणत्या बाजूने सुरुवात करायची ते त्यांना माहीत नसल्यामुळे थोडा वेळ तशाच बसून राहिल्या... मग उजवीकडून सुरुवात केली.