भंडारा न उचलणारी शेवंतामावशी

मतदानाच्या दिवशी पॅनेलच्या गाड्या दारोदार फिरायच्या आणि शेवंतामावशी त्यांना हातानंच पुढं पिटाळायच्या. ठेवणीतलं लुगडं नेसून भर उन्हात शाळेपर्यंत चालत जायच्या. "गाडीत बसलं का त्येंला वाटतं, मावशी आपली झाली," म्हणायच्या. कुरवंड्याच्या अलीकडं आमचं गाव. तिथून रोज लोणावळ्याला जाऊन, बंगल्यात स्वयंपाक करून त्यांनी एकटीनं मुलगा वाढवला. जीभ अशी तिखट की समोरच्याला ठसका लागावा!

मी ग्रामपंचायतीला उभी राहिले तेव्हा आमचे मालक पॅनेलचे पुढारी. त्यांनी आळीतल्या बायका देवळात जमवल्या. एकेकीनं बेल-भंडारा उचलायचा आणि 'मत हिलाच' अशी शपथ घ्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. ताट मावशींपुढं आलं.

"देवाला कशाला मदी घालताय? त्यो काय तुमच्या पॅनलचा हाय व्हय?"

बायका फिसकन हसल्या. मागच्या चौघींनीही हात आखडते घेतले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हातारीनं भर देवळात माझी शोभा केली, असंच वाटलं मला तेव्हा.

तरी थोडक्यात निवडून आले. पुढं घरकुलाची यादी आली, तिच्यात मावशींचं नाव होतं. त्यांच्या घराचे पत्रे दर पावसाळ्यात उडायचे. मालक म्हणाले, "मुलगा तळेगावला कंपनीत आहे म्हणायचं आणि नाव कापायचं. भंडारा उचलला नाही ना? भोगू दे." तो मुलगा वेगळा राहायचा, आईला विचारतही नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मला तर चांगलंच ठाऊक होतं. पण घरात तोंड उघडायची माझी छाती होत नव्हती.

नाव कापणार हे गावभर झालं होतं. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी मावशी दारात आल्या. मला वाटलं, आता पदर पसरणार.

"येक सांगाया आले. मी मत तुला दिलं न्हाई. उद्या काय बोलायचं ते ह्ये धरून बोल. मागनं फसवलं म्हनू नगंस."

एवढं बोलून, चहालाही न थांबता गेल्या. कमाल बाई! डोक्यावरचं छप्पर पणाला लागलेलं, आणि ही मला खरं सांगायला आलेली.

दुसऱ्या दिवशी सभेत मालकांनी नाव कापायची सूचना मांडली. मी उठले. म्हटलं, "मावशींनी मला मत दिलेलं नाही. पण मी त्यांचीही सदस्य आहे. नाव राहील." मालकांनी असं पाहिलं की बस्स. पण मागून एक बाई म्हणाली, "बराबर हाय," मग दुसरी, मग तिसरी. नाव राहिलं.

मावशी गेल्या वर्षी वारल्या, घरकुलात मिळालेल्या त्याच पक्क्या घरात. त्यांचे उपकार कसे फेडू? मतमोजणीच्या दिवशी माझ्या अंगावर गुलाल पडला होता खरा, पण निवडून आले ते मी त्या सभेत.