खळीच्या वासापर्यंत

माझा धाकटा भाऊ जन्मापासून आंधळा, पण कुणी हात धरलेला त्याला मुळीच खपत नाही. लहानपणी आईचाही झिडकारायचा. आम्ही त्याला साहेब म्हणतो ते उगाच नाही. साहेब बाइंडिंगच्या दुकानात पुस्तकं शिवतात आणि तिथवर नाकाने जातात. काठी नुसती सोबतीला. बेकरीचा वास आला की डावीकडे वळायचं, औषधांच्या दुकानापाशी रस्ता ओलांडायचा, खळीचा वास आला की पोचलो. मी चोरपावलांनी दारात येऊन उभी राहिले तरी म्हणायचा, "ताई, कांदा चिरून आलीस ना? हात धू आधी."

साथीत आम्हा दोघांनाही ताप आला. उतरलाही. मग एका सकाळी गॅसवर दूध आटून करपलं, वास घरभर, आणि हा शेजारीच निवांत बसलेला!

"अरे, नाक गहाण टाकलंस की काय?" मी ओरडले.

"का? काय झालं?" तो म्हणाला. तेव्हा कळलं.

साथीत बंद असलेलं बाइंडिंगचं दुकान उघडल्यावर मी म्हटलं, सोडायला येते. "काही नको," म्हणाला आणि गेला. थोड्या वेळाने औषधवाल्याचा फोन आला, तुमचे भाऊ रस्त्याच्या मधोमध उभे आहेत. धावत सुटले. दोन्ही बाजूंनी गाड्या, आणि तोंडं बांधलेली माणसं लांबूनच ओरडतायत, "उजवीकडे! अहो, मागे या!" हात लावायला कुणी धजेना. त्यांना तरी काय बोलणार? मी दंड धरला तसा तो दचकला.

"कोण?" त्याने विचारलं. मला. सख्ख्या बहिणीला.

त्याला घरी आणलं. मला काही वाटेना, ना राग, ना रडू. भात लावला, जेवलो, भांडी घासली. पुढचे सगळे दिवस तसेच गेले. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल, कदाचित नाहीही येणार. मालकाने निरोप धाडला, सोमवारी आला नाहीस तर दुसरा माणूस बघतो. साहेब नुसते "हं" म्हणाले.

रविवारी कपडे वाळत घालून आत आले आणि जुन्या खोडीने दारातच थांबले. तो खाटेवर बसून साबणाची वडी हुंगत होता. पुन्हा पुन्हा. मग वडी खाली ठेवली आणि आवाज न करता रडायला लागला. इतक्या वर्षांत त्याचा एकट्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मी आले की त्याला कळायचंच. मला चोरी केल्यासारखं वाटलं.

तशीच मागे फिरले, बाहेर बादली आपटली आणि ओरडले, "मी आले रे!"

आत गेले तोवर त्याने तोंड पुसलं होतं.

"ताई, उद्या दुकानापर्यंत येशील?"

"येईन की."

"हात मी धरीन. तू नाही धरायचास."

"बरं, साहेब," मी म्हणाले.