कुठेच न जाणाऱ्या फेऱ्या

आकडेताईंना खऱ्या नावाने हाक मारणारं ऑफिसात आता कुणी उरलं नव्हतं. शहरातली वाहनं रोज मिळून किती किलोमीटर धावतात, याचा अंदाज बांधणं हे त्यांचं काम. एकोणीस वर्षं त्या तेच करत होत्या. घरोघरी फॉर्म भरून घ्यायचे, कोण कुठून कुठे जातं ते कॉम्प्युटरमधल्या मॉडेलला सांगायचं आणि ते देईल तो आकडा रस्त्यावरच्या मोजणीशी ताडून पाहायचा.

यंदा मेळ काही केल्या बसेना. मॉडेल म्हणे अठ्ठावन्न लाख, रस्ता म्हणे चौसष्ट. तीन आठवडे ताईंनी डोळ्यांत तेल घालून फॉर्म चाळले. मान आखडली, डोळे चुरचुरायला लागले. सहा लाख किलोमीटर काही सापडले नाहीत.

त्या फॉर्मांत त्यांच्या घरचाही एक होता. यजमानांना रिटायर होऊन वर्ष झालं होतं. प्रवासाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'घरीच.'

शनिवारी भाजीला जाताना ताईंची नजर गाडीच्या मीटरवर गेली. शेजारीच मागच्या सर्व्हिसिंगची तारीख आणि आकडा लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली. दोन महिन्यांत अडीच हजार किलोमीटर!

"अहो, गाडी नेतं कोण?"

यजमान म्हणाले, "मीच. तू गेलीस की घर खायला उठतं. पुलापलीकडे जातो, वळतो, परत येतो."

"मग फॉर्मात का नाही लिहिलंत?"

"कुठे गेलात, असं विचारलंय त्यात. मी कुठे जातो गं?"

तपास लागल्याचा आनंद व्हायला हवा होता. ताईंना नुसता शीण आला.

सोमवारपासून त्यांनी शंभर घरांना पुन्हा फोन लावले. एकजण तान्ह्या लेकीला झोपवायला गाडी फिरवायचा. एक बाई सासूशी वाजलं की किल्ली उचलायची. सगळा नाही, पण निम्मा फरक उलगडला.

साहेबांनी ताईंचं टिपण वाचलं आणि ते हसले. "ताई, उगाच भटकणाऱ्यांसाठी मॉडेल बदलायचं का? अहवालात जुनाच आकडा जाऊ दे. तुमचं टिपण परिशिष्टात टाकू."

वाद घालायचं त्राण ताईंच्या अंगात नव्हतं. टिपणाखाली सही करून त्यांनी घरी फोन लावला. "पाच वाजता न्यायला याल का? आज बस नको वाटतेय."

यजमान साडेचारलाच फाटकाशी येऊन उभे राहिले. ताई गाडीत बसल्या, चपला काढल्या, आणि पहिल्या सिग्नलच्या आतच त्यांचा डोळा लागला.