खळ्यातली वाट

चतुर्थीत आमचं भजनी मंडळ वाडीतल्या घराघरांत जातं. मंडळाचा बुवा मी; पेटी धरतो आणि गातो. चुलतभाऊ मृदंगावर असतो. आरतीच्या आधी आतून एखाद्या बाईचा निरोप येतो, "ता पाटाचा गाणा म्हणूक सांगा." मी म्हणतो. बायका पदर डोळ्यांना लावतात, पुरुष उसळीच्या ताटलीत बघत बसतात.

पाट नेऊन दिलंय शाळेत,
वाट सारवलंय खळ्यात,
रजा नाय तर नाय रे झिला,
गणपती काय रुसाचो नाय.

गाणं जुनं आहे, आजीच्या तोंडून ऐकलंय, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. हे माझ्या आईचं फोनवरचं बोलणं; झील म्हणजे मुलगा, तो मी. मी फक्त चाल लावली.

वडील गेल्यावर गणपती आणायचा तो मीच. आपल्या घरचा पाट आधी गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, नेऊन द्यायचा, मूर्ती त्यावर बसते आणि मुलगा ती खळ्यातून, म्हणजे अंगणातून, सारवलेल्या वाटेने घरी आणतो. त्या वर्षी मी मुंबईहून आलो नाही. फोन करून आईला सांगितलं, रजा नाकारली. तेव्हा ती जे बोलली ते वर लिहिलंय. मूर्ती चुलतभावाने आणून दिली. शिमग्याच्या आत आई गेली.

रजा मिळाली होती. सहा दिवसांची, साहेबाने एका शब्दाने मंजूर केलेली. का गेलो नाही, याचं सांगण्याजोगं कारण नाही. प्रवासाचा कंटाळा, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या त्याच त्या चौकशांचा कंटाळा. खोलीत पंखा लावून झोपलो, एवढंच.

नोकरी सोडून गावी आल्यावर मी ते शब्द पहिल्यांदा गायले, आणि लोक रडले याचं मलाच नवल वाटलं. त्यात दुःख हा शब्द नाही, ये म्हणून आर्जव नाही. आता वाटतं, म्हणूनच रडतात. मागणाऱ्याला नाही म्हणून माणूस मोकळा होतो. जो मागतच नाही, त्याच्यापुढे अडकतो. आणि प्रत्येक घरात कोणीतरी न आलेलं असतंच. जहाजावर नोकरीला असलेल्या मुलाची आई एकदा म्हणाली होती, "माझ्या घरातला बोलणा चोरून गाणा कोणी केल्यान?" सगळे हसले. मीही हसलो.

एका गोष्टीचा मला आधार होता. आईला माझं खोटं कळलं नव्हतं. तिचा राग असलाच तर साहेबावर.

यंदा चतुर्थीच्या आदल्या दुपारी चुलतभाऊ पडवीत मृदंगाला लावायची कणीक मळत बसला होता. वर न बघता म्हणाला, "औंदा ता गाणा नको."

"लोक मागतत."

"मागांदेत. बुवा, तुमी लोकांका रडवतात, आणि माका मृदंग वाजवताना हसूक येता."

मी कारण विचारलं. तो कणीक मळत राहिला. मग म्हणाला, "त्या वर्षी सकाळी काकीन माझ्या फोनवरसून तुझ्या ऑफिसात फोन लावल्यान. गणपतीक कंठी घेऊन ये म्हणान सांगूचा होता. थंयसून सांगल्यानी, ते आजपासून रजेवर. तिका वाटला, तू गाडीत बसलंस. म्हणान तर वाट सारवल्यान."

माझा फोन त्याच दिवशी संध्याकाळी गेला होता.

"तुझो फोन ठेवल्यान आणि माका म्हणाली, खंय बोलू नको."

"आणि तू इतकी वर्षां गप?"

"बोलू नको म्हणाली होती ना. आणि तू तरी कधी विचारलंस?"

दुसऱ्या दिवशी, जहाजवाल्या मुलाच्या आईच्या घरी, निरोप आलाच. चुलतभावाने माझ्याकडे पाहिलं आणि ठेका धरला. दोन ओळी झाल्या. तिसरीला माझा आवाज आला नाही. भाता हलत होता, बोटं सुरावर होती. रजा नाय तर नाय. मी ही ओळ भोळ्या आईची म्हणून गात आलो होतो. मागच्या झांजवाल्यांनी ती उचलली, त्यांना सगळं गाणं पाठ होतं.

गाणं संपल्यावर मी सांगून टाकलं. गाणं जुनं नाही, माझ्या आईचं आहे, आणि मला रजा होती. त्या वेळी कोणी रडत नव्हतं. कोणीतरी समईची वात सारखी केली. चुलतभाऊ म्हणाला, "आरती घेवया."

आरतीनंतर त्या बाईने माझ्यापुढे ताटली ठेवली.

"रजा होती ता तिका ठावक होता?"

"होय. माकाच काल कळला."

"आमका आयांका सगळा ठावक असता रे," ती म्हणाली. "ती ओळ बदलू नको. तशीच ऱ्हवांदे."